इस्तेरबाईंची मोजणी

भर श्रावणात एसटीतून उतरल्या उतरल्या एखाद्या बाईनं "ही विहीर कोण उपसतंय?" असं विचारलं, तर ऐकणाऱ्याला तिच्या डोक्याविषयी शंका येणारच. मलाही आली. साल एकोणीसशे सत्तर. पारनेर तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी कंपाउंडर होतो आणि नव्या हेल्थ व्हिजिटरबाईंना आणायला स्टँडवर गेलो होतो. स्टँड म्हणजे एक लिंबाचं झाड. बाईंनी पेटी खाली ठेवली, कान टवकारले आणि लांबून येणाऱ्या ऑइल इंजिनाच्या आवाजाबद्दल हा पहिला प्रश्न विचारला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"गाळ काढत असतील," मी म्हणालो.

"श्रावणात?"

गाळ उन्हाळ्यात काढतात, विहिरीनं तळ गाठल्यावर, एवढं मलाही ठाऊक होतं. पण नव्या बाईंपुढे चूक कबूल करण्याचं माझं ते वय नव्हतं. मी पेटी उचलून चालू लागलो. संध्याकाळी कळलं की आदल्या दिवशी माळवाडीतल्या एका लेकुरवाळीनं त्या विहिरीत जीव दिला होता. आमच्याकडची रीत अशी, की विहिरीत माणूस गेलं तर सगळं पाणी उपसून टाकायचं, नवं पाझरू द्यायचं आणि मगच घागर बुडवायची. तोवर त्या पाण्याला कुणी शिवत नाही. इस्तेरबाई साळवे हे सगळं लिंबाखाली उभ्या राहून नुसत्या आवाजावरून ओळखून बसल्या होत्या.

बाई नगरच्या, ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या. उंच, हाडकुळ्या, पांढरं पातळ आणि पायात पुरुषी वहाणा. "बायकी चपला दुकानातच टिकतात, माळावर नाही," म्हणायच्या. हसणं इतकं मोठं, की औषध घोटताना माझ्या हातातला बत्ता दचकायचा. कुणाच्याही घरी गेल्या की आधी उंबऱ्यावर बसून पाणी मागायच्या. दोन कोसांत दहा घरी पाणी पिणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. एकदा म्हटलं, "बाई, एवढी तहान लागते तर फिरकीचा तांब्या घेऊन चला की बरोबर." तर म्हणाल्या, "पाणी प्यायला कोण मागतंय? ते आणून कोण देतं ते बघायचं असतं. सून आणते. आपल्यासमोर एवढं एकच मिनिट ती उभी राहते." काही घरांत बाईंना भांडं हातात देत नसत, ओंजळीत वरून ओतत. मला त्याचा राग यायचा. बाईंना येत असेलही, पण त्या ओंजळ धरायच्या आणि वर बघायच्या. ओतणारीचं तोंड त्यांना त्यातही दिसायचं.

आल्या त्याच महिन्यात त्यांची आणि पोलीस पाटील तात्यांची जुंपली. तात्या म्हणजे गावचा भला माणूस. मयताचे कागद त्यांच्याकडे. बाईंनी ते मागून घेतले, चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, "तात्या, या सगळ्याजणी पाय घसरून गेल्या?"

"तसंच लिवत्यात बाई."

"पुरुषांचे पाय घसरत नाहीत का हो तुमच्या विहिरींवर?"

तात्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "खरं लिवलं तर फौजदार येतो. म्हायेरची मानसं काठ्या घिऊन येत्यात. ल्हान लेकरं आसत्यात मागं, त्यांची सोयरीक हुईना पुन्हा. आन् गेलेली काय माघारी येती व्हय?"

"गेलेली नाही येत तात्या. पुढची थांबते. पण कुठल्या वाडीत जाऊन थांबवायचं, हे मला कळायला नको?"

तात्यांचं म्हणणं काही बदललं नाही. कागदावर पाय घसरतच राहिले. मग बाईंनी कागदाचा नाद सोडला आणि विहिरींचा धरला. केंद्राच्या मागच्या खोलीत, जिथे आम्ही रिकाम्या बाटल्या टाकत असू, तिथल्या भिंतीवर त्यांनी गेरूनं आमच्या हद्दीतल्या वाड्यावस्त्या काढल्या. जिथे अवेळी विहीर उपसली असं कळेल, तिथे चौकशी करून एक रेघ. ज्या वाडीला रेघा जास्त, तिकडे बाईंच्या फेऱ्या जास्त. आमचे डॉक्टर आठवड्यातले निम्मे दिवस नगरलाच असत, त्यांनी ती भिंत पाहून "हा काय जादूटोणा मांडलाय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. मलाही ती भिंत अभद्र वाटायची. मेलेल्यांची मोजदाद कसली करायची? बाईंचं यावर एकच ठरलेलं वाक्य होतं, "आधी खरं मोजू, मग रडू." हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की आमचा शिपाई गोळ्या मोजतानासुद्धा तेच म्हणायला लागला होता.

लोक विचारायचे, या बाईला एवढी कळकळ कसली? कुणी म्हणे हिची बहीण अशीच गेली, कुणी म्हणे लेक. न राहवून मीच एकदा विचारलं. बाई वहाणेतला काटा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कंपाउंडर, कुणीतरी घरचंच जावं लागतं का हो?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

सुनांना घराबाहेर काढायची त्यांची युक्ती म्हणजे तान्ह्या बाळांचं वजन. दर शनिवारी केंद्रात तराजू टांगायचा. नातवाचं वजन म्हटलं की कुठलीही सासू नाही म्हणत नाही. ओसरीवर सुना जमायच्या, बाळं झोळीत रडायची आणि बाई वजनापेक्षा आयांकडेच जास्त बघायच्या. मी चेष्टेनं म्हणायचो, "बाई, त्याच पोराचं दर शनिवारी काय वजन करता? तेवढ्यात ते काय पैलवान होतंय का?" त्या म्हणायच्या, "पोराचं नाही हो, आईचं बघतेय."

त्या शनिवारांतली सुभद्रा मला नीट आठवते. माळवाडीची. विशीतली, सावळी, कपाळावर लहानसं गोंदण. तिचं पोर गुटगुटीत आणि ती मात्र काठीसारखी. दर खेपेला तिचं डोकं दुखायचं. मी पुडी बांधून द्यायचो आणि ती पदराच्या गाठीत ठेवून द्यायची, घेत नसावी. एका शनिवारी बाईंनी तिला आतल्या खोलीत बसवलं. मधल्या दाराला नुसता पडदा, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. बाईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. सरळ म्हणाल्या, "सुभद्रा, जीव द्यावासा वाटतो का गं तुला?"

असं कुणी विचारतं का? मनात नसेल तर यायचं. पलीकडून ती पोरगी म्हणाली, "तुमाला कुनी सांगितलं?" आणि रडायला लागली. रडली ती तास-दीड तास. बाहेर तिचं पोर इतर आयांनी आलटून पालटून सांभाळलं. जाताना बाईंनी तिच्याकडून कबूल करून घेतलं, की मनात आलं की आधी इकडे यायचं, पोराचं वजन असो वा नसो. संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, "तुम्ही विचारलंत म्हणून तिच्या मनात आलं असतं तर?" बाई म्हणाल्या, "मनात नसतं तर ती हसली असती." सुभद्रा त्यानंतर कितीतरी शनिवार आली. हसायलाही लागली होती. एकदा तर तिनं माझ्याकडून रिकाम्या रंगीत बाटल्या मागून नेल्या, पोराला खेळायला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना नको आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना खोटं वाटेल. विहिरी तळापर्यंत कोरड्या पडल्या. घरोघरच्या बाया खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर जाऊ लागल्या. आणि त्या वर्षी बाईंच्या भिंतीवर एकही नवी रेघ पडली नाही.

ही बातमी कशी कोण जाणे, वर पोचली. एक बडे साहेब जीपमधून आले. भिंतीसमोर उभे राहून खूश झाले. "साळवेबाई, तुमच्या कामाला यश आलं. मी अहवालात लिहितो."

"नका लिहू साहेब," बाई म्हणाल्या. "विहिरींना पाणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे यश माझं नाही, दुष्काळाचं आहे. शिवाय बाया घराबाहेर पडल्यात. दिवसभर एकमेकींशी बोलतात, रोजगाराचे चार पैसे स्वतःच्या हातात पडतात. त्यानंही फरक पडला असेल. कशानं किती, ते आज नाही सांगता यायचं. विहिरी भरू द्या, मग बघू."

साहेबांना असली उत्तरं आवडत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि जीपमध्ये बसले. ते गेल्यावर बाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "कंपाउंडर, झालेलं मरण मोजता येतं. एखादी काठावरून मागे फिरली, तर ती काय सांगायला येणार आहे आपल्याला? ती घरी जाऊन भाकरी थापते. तिची रेघ कुठं काढायची?"

पुढच्या वर्षी पाऊस झाला. विहिरी काठोकाठ आल्या. लोक पाण्यात नारळ सोडत होते आणि आमच्या बाई भेदरलेल्या कोंबडीसारख्या वाड्यावाड्यांतून धावत होत्या. कामं बंद पडून बाया पुन्हा आपापल्या घरात गेल्या होत्या. बाईंनी शनिवारच्या जोडीला बुधवारही सुरू केला. जराशी इंजिनाची धडधड आली की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. ती बहुधा उसाला पाणी देणाऱ्याची असायची. आषाढ गेला, श्रावण गेला, दिवाळी झाली. माळवाडीची एक कोंडाबाई तेवढी गेली, पण तापानं, असं कळलं. भिंतीवर नवी रेघ नाही. इतकी वर्षं मी बाईंना ओळखत होतो, पण त्या नाताळात पहिल्यांदा त्यांना निवांत पाहिलं. नगरहून डबाभर करंज्या करून आणल्या आणि वाडीवाडीत स्वतः जाऊन वाटल्या. मला म्हणाल्या, "आता विहिरी भरलेल्या आहेत हो. आता यश धरायला हरकत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माळवाडीच्या फेऱ्या त्यांनी त्यानंतर कमी केल्या. पलीकडच्या डोंगरकडेच्या वस्त्यांना त्यांची जास्त गरज होती. भिंत तसंच सांगत होती.

पुढच्या श्रावणात सुभद्रा दिसेनाशी झाली. बाईंनी विचारलं, तर माळवाडीच्या बाया म्हणाल्या, माहेरी गेलीय. पंचमी उलटल्यावर, ऐन खुरपणीत सुनेला माहेर? बाईंना तेव्हाच खटकायला हवं होतं, असं त्या पुढे कितीदा तरी म्हणाल्या.

चौऱ्याहत्तरच्या भाद्रपदात देवीच्या लशीसाठी मी आणि बाई माळवाडीला गेलो. सकाळची वेळ. वाडीतल्या बायांची रांग डोक्यावर घागरी घेऊन ओढ्याकडून वर येत होती. ओढा चांगला लांब, वाट निसरडी. आणि वाडीच्या तोंडाशी असलेली विहीर हात घातला तर पाणी लागेल इतकी भरलेली. बाई थांबल्या. माझ्या हातातली लशीची पेटी मी खाली ठेवली.

"विहीर भरलीय की गं. ओढ्याचं पाणी का?" बाईंनी पहिलीला विचारलं. ती खाली मान घालून पुढे गेली. दुसरीही गेली. शेवटी भागीरथीआजी राहिली. वाडीतली सगळ्यांत म्हातारी. तिनं घागर उतरवली आणि तिथेच मटकन बसली.

"बाई, सुबी गेली ओ."

बाई तिच्यासमोर मातीतच बसल्या.

"सरावनात. ह्याच हिरीत. म्हायेरी न्हाई गेली."

"मग विहीर उपसली का नाही?" बाईंचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"उपसली आसती तर तुमाला कळलं आसतं न्हवं." म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "तुमी करंज्या घिऊन आल्ता. तवाच सांगनार हुतो, कोंडाबाईबी तापानं न्हाई गेली दिवाळीनंतर, मळ्याच्या हिरीत गेली. पर तुमचं त्वांड बघितलं, लई सुखावल्याली हुता तुमी. कुनाला धीर झाला न्हाई. मंग समद्यांनी ठरीवलं, आपल्या वाडीची रेघ बाईंच्या भित्तीवर नगं. बाईला लई लागतं. तात्यानं बी ताप लिवला. आमी ते पानी पीत न्हाई, पर हीर तशीच ठिवली."

एखाद्याला फसवायचं म्हणून लोक खोटं बोलतात, हे मी जन्मभर पाहिलं. एखादीवर माया जडली म्हणून अख्खी वाडी खोटं बोलली आणि रोज ओढ्याची चढण चढत राहिली, हे एकदाच पाहिलं. कोंडाबाईची रेघ पडली असती तर बाईंनी माळवाडी सोडली नसती. सुभद्राच्या दारात त्या आठवड्याला दोनदा उंबऱ्यावर बसून पाणी मागत राहिल्या असत्या. त्यानं ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. बाईही कधी म्हणाल्या नाहीत. पण ती त्या मिनिटभरासाठी समोर येऊन उभी तर राहिली असती.

बाईंनी कुणाला दोष दिला नाही. "इंजिन आणा," म्हणाल्या, "आणि उपसा." इंजिन आलं. पाणी शेतातून पार ओढ्यापर्यंत वाहिलं. बाई सगळा वेळ काठाशी उभ्या होत्या आणि वाडीतल्या बाया हळूहळू येऊन त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. सुभद्राचं पोर कुणाच्या तरी कडेवर होतं. केंद्रात परतल्यावर बाईंनी माळवाडीसमोर दोन रेघा ओढल्या, गेरू खाली ठेवला आणि भिंतीला डोकं टेकून रडल्या. मी दार ओढून घेतलं.

त्यानंतर त्या वाडीवाडीत एकच गोष्ट सांगत फिरल्या. "मला वाईट वाटेल म्हणून लपवू नका गं बायांनो. मला वाईट वाटून घ्यायचाच पगार मिळतो." बाया माना डोलवायच्या. सांगत मात्र कुणी नव्हतं. इंजिन वाजलं नाही तरी बाईंना आता खात्री वाटत नसे आणि वाजलं तर झोप लागत नसे. नवी रेघ न पडणाऱ्या भिंतीवर त्यांचा विश्वासच राहिला नाही. वर्षभरात त्या म्हाताऱ्या दिसायला लागल्या. त्यांचं ते मोठं हसणंही बंद झालं, आणि मला औषधं घोटताना सुनंसुनं वाटू लागलं. शेवटी बदलीचा हुकूम आला, कर्जतकडे. आम्ही म्हटलं, सुटल्या बिचाऱ्या.

निरोपाला स्टँडवर बरीच माणसं होती. तात्यांनी हार घातला. काहीतरी बोलायला गेले आणि नाक शिंकरून बाजूला झाले. पेटी एसटीच्या टपावर चढली, बाई खिडकीशी बसल्या, कंडक्टरनं घंटी मारली. तेवढ्यात माळवाडीची एक सासू गर्दीतून पुढे आली. गावभर कजाग म्हणून प्रसिद्ध बाई. शनिवारी सुनेला पाठवताना ही इस्तेरबाईंशी कधी धड शब्द बोलली नव्हती. तिनं खिडकीची दांडी धरली.

"बाई, माजी धाकली सून चार दिस झालं जेवत न्हाई. बोलत न्हाई. लेकराला जवळ घेत न्हाई. मला भ्या वाटतंया." आणि मग खालच्या आवाजात, "कुनाला सांगू कळंना. तुमी म्हनला हुता, सांगा."

कंडक्टर म्हणाला, "मावशी, सरा, गाडी सोडायचीय." बाई उठल्या. गळ्यातला हार काढून सीटवर ठेवला आणि खाली उतरल्या. गाडी निघाली तसा मी ओरडलो, "बाई, पेटी गेली! कर्जतला हजर व्हायचंय तुम्हाला उद्या!" त्यांनी हात हलवला, माझ्याकडे न बघता.

कर्जतला त्या आठवडाभर उशिरा हजर झाल्या आणि त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला, असं नंतर कळलं. ते दिवस त्या माळवाडीतच राहिल्या आणि फाट्यावरूनच परस्पर गाडीत बसल्या. आमची पुन्हा गाठ पडली नाही. ती सून आज नातवंडांत आहे. कुठल्याही सरकारी अहवालात तिची नोंद असणं शक्य नाही.

मी पाहिलेल्या शेवटच्या बाई पाठमोऱ्या आहेत. माळवाडीच्या वाटेनं चालल्यात, रिकाम्या हातांनी, आणि ती कजाग म्हातारी त्यांच्या बरोबरीनं पाय उचलायची धडपड करतेय. लिंबाखालून मला बाईंचं एवढंच बोलणं ऐकू आलं, "आधी मला सांगा, नाव काय तिचं?"